जांभळ्या भुकटीची साक्ष



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा भरवसा हाताने केलेल्या प्रयोगावर होता. म्हणून आज मी सिद्धांतावर बोलणार नाही, एका वस्तूवर बोलणार आहे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात सायन्स म्युझियम आहे. तिथल्या संग्रहात एक जुनी काचेची बाटली आहे. आत काळपट भुकटी आणि बाहेर चिठ्ठी. सर विल्यम पर्किन यांनी १८५६ साली तयार केलेले मूळ मॉव्हीन, अशा अर्थाचा मजकूर त्या चिठ्ठीवर आहे. कृत्रिम रंगांचा सारा उद्योग ज्या रंगापासून उभा राहिला तो हा रंग. पर्किन ज्या कॉलेजात शिकले ते रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री पुढे ज्या इम्पीरियल कॉलेजात सामावले गेले, तेही याच म्युझियमच्या शेजारी आहे.

ही बाटली मी साक्षीदार मानतो. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते आणि ती घेतली तर पुस्तकांनी शंभर वर्षे चुकीचे सांगितलेले बरोबर करता येते. हेच आज मला मांडायचे आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणेही आहे.

पर्किन यांचा जन्म १२ मार्च १८३८ चा, पूर्व लंडनमधला. पंधराव्या वर्षी ते रॉयल कॉलेजात दाखल झाले. तिथे ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ संचालक होते आणि त्यांचा आवडता विषय होता कोळशाचे डांबर. दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढला की हे काळे, चिकट, घाण वास मारणारे डांबर उरायचे. त्याचे काय करायचे, हा गॅस कंपन्यांपुढचा प्रश्न होता. हॉफमन यांचे विद्यार्थी चार्ल्स मॅन्सफील्ड यांनी त्यातून बेंझीन वेगळे काढण्याची रीत बसवली. याच कामात भट्टीवर पेट घेतलेल्या द्रावणाने भाजून १८५५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पर्किन यांचे नाव घेताना मॅन्सफील्ड यांचेही घेतले पाहिजे. त्यांनी काढून दिलेल्या बेंझीनशिवाय पुढचे काहीच घडले नसते.

हॉफमन यांच्या मनात क्विनीन होते. मलेरियावर तेव्हा तेच एक औषध होते आणि ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून यायचे. वसाहतींचा कारभार हाकणाऱ्या इंग्रजांना ते हवेच होते. हीच गरज पुढे आपल्या डोंगरांपर्यंत येऊन पोचली. निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. महाबळेश्वरला लिंगमळ्यातही लागवड करून पाहिली, पण तिथे ती टिकली नाही.

१८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत अठरा वर्षांच्या पर्किन यांनी घरातल्या लहानशा प्रयोगशाळेत क्विनीन बनवायचे ठरवले. हिशेब कागदावर फार देखणा होता. क्विनीनच्या रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू. अ‍ॅलिलटोल्युइडीनचे दोन रेणू घ्यायचे, त्यांना ऑक्सिजन द्यायचा, पाण्याचा एक रेणू काढून टाकायचा, की बेरीज जुळते. आज अकरावीचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की अणूंची संख्या जुळली म्हणून रेणू तोच होत नाही. पण बेंझीनच्या वलयाची कल्पना केकुले यांनी मांडली १८६५ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. पर्किन यांच्यापुढे अणूंची मोजदाद होती, त्यांची रचना नव्हती. प्रयोगातून तांबूस गाळ निघाला. क्विनीनचा मागमूस नव्हता.

इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते आणि ती योगायोगाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला हे पटत नाही. फसलेला प्रयोग बहुतेक लोक मोरीत ओततात. पर्किन यांनी तोच प्रयोग अधिक साध्या पदार्थावर करून बघायचे ठरवले. त्यांनी बेंझीनपासून होणारे अ‍ॅनिलीन घेतले, त्याचे सल्फेट केले, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट घातले. आता तळाशी काळा गाळ बसला. त्यांनी तो धुतला, वाळवला आणि स्पिरिटमध्ये घातला. स्पिरिट जांभळे झाले. त्यात रेशमाचा तुकडा बुडवून पाहिला, तर त्याने रंग धरला. हे योगायोगाने होत नाही. काळा गाळ धुऊन, वाळवून, त्यात काय विरघळते हे पाहण्याची शिस्त असलेल्या मुलाच्या हातूनच हे होते.

ही कृती जवळून बघण्यासारखी आहे. अ‍ॅनिलीन आणि टोल्युइडीन (टोल्युइडीन कशासाठी, ते पुढे येईल) विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचे आणि त्यात डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण ओतून ढवळत राहायचे. थोड्याच वेळात भांड्यात काजळीसारखा राडा तयार होतो. त्यात जांभळे असे काहीही दिसत नाही. तो गाळायचा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. वाळल्यावर आधी डांबरातून काढलेल्या नॅप्थाने धुवायचा. पर्किन यांनी पेटंटमध्ये हीच रीत दिली आहे. नॅप्थाबरोबर तपकिरी, राळेसारखा भाग निघून जातो. तो निघेनासा झाला की मग स्पिरिट. आता गाळणकागदाखालून उतरणारा थेंब जांभळा असतो. एवढ्या राड्यातून हाती येणारा रंग फार थोडा, शेकड्याला पाचेक भाग. विद्यार्थ्यांना मी हे नुसते सांगतो, करायला देत नाही. ऑर्थो-टोल्युइडीन आणि डायक्रोमेट दोन्ही कर्करोग घडवणारे आहेत.

पुढचा भाग लवकर सांगतो. पर्किन यांनी रंगवलेल्या कापडाचा नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावी पुलर यांच्या रंगारी कारखान्याकडे पाठवला. रॉबर्ट पुलर यांनी कळवले की माल फार महाग होणार नसेल, तर बऱ्याच काळात असा मोलाचा शोध लागलेला नाही. २६ ऑगस्ट १८५६ रोजी पेटंटचा अर्ज झाला. हॉफमन यांची नापसंती असतानाही मुलाने कॉलेज सोडले. वडील जॉर्ज यांनी आयुष्याची पुंजी लावली, थोरला भाऊ थॉमस सोबत आला आणि १८५७ मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्ड ग्रीन इथे कालव्याकाठी कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास, १८५६ मध्ये, मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी चालू झाली होती. गिरणीचे कापड आणि प्रयोगशाळेचा रंग एकाच वेळी बाजाराच्या वाटेला लागले होते.

रेशीम आणि लोकर हा रंग आपणहून धरतात. सुती कापड धरत नाही. पर्किन यांना सुतासाठी रंगबंधक शोधावे लागले आणि ते टॅनिनमध्ये सापडले. आपल्याकडचे रंगारी आणि भावसार सूत रंगवण्याआधी ते हिरड्याच्या पाण्यात भिजवत आले आहेत, ते याच टॅनिनसाठी. ग्रीनफर्डच्या कारखान्याने जे नव्याने बसवले, त्याचे मर्म आपल्या रंगारआळीत पिढ्यान् पिढ्या वापरात होते. हे मी अभिमानाने सांगतो.

आता बाटलीकडे वळू. तिच्यात नेमके काय आहे?

पर्किन यांनी १८७९ मध्ये मॉव्हीनवर निबंध लिहिला. त्यात सूत्र दिले: कार्बन २७, हायड्रोजन २४, नायट्रोजन ४. शुद्ध अ‍ॅनिलीन वापरले तर मॉव्हीन मिळत नाही, दुसराच रंग मिळतो, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे १८५६ चे अ‍ॅनिलीन शुद्ध नव्हते. डांबरातल्या बेंझीनमध्ये टोल्युईन मिसळलेले असायचे, त्यामुळे अ‍ॅनिलीनमध्ये टोल्युइडीन यायचे. ही मिसळ नसती तर मॉव्हीन झालेच नसते.

अणूंची मोजदाद झाली, पण ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक रचना सुचवली गेली आणि पुस्तकांनी ती स्वीकारली. एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ती उतरत राहिली. हा रंग तर १८६० च्या दशकातच मागे पडला होता. फुक्सिन आले, मेथिल व्हायोलेट आले, ते स्वस्त आणि झळझळीत होते. ज्याचा बाजार उठला त्याची रचना पुन्हा तपासायला कोण बसणार?

१९९४ मध्ये ओटो मेथ-कोन आणि मँडी स्मिथ या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ते काम हाती घेतले. त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि संग्रहालयात जपलेले मॉव्हीन आधुनिक उपकरणांनी तपासले. पुस्तकातली रचना चुकीची निघाली. शिवाय भुकटीत मुख्यतः दोन पदार्थ होते. एकाला मॉव्हीन ए म्हणतात. त्याचा रेणू अ‍ॅनिलीनचे दोन, ऑर्थो-टोल्युइडीनचा एक आणि पॅरा-टोल्युइडीनचा एक, असे चार रेणू जुळून बनतो. दुसरा मॉव्हीन बी. त्यात अ‍ॅनिलीनचा एक, पॅरा-टोल्युइडीनचा एक आणि ऑर्थो-टोल्युइडीनचे दोन रेणू आहेत. पर्किन यांचे १८७९ चे सूत्र या मॉव्हीन बीला तंतोतंत लागू पडते. ज्या माणसाकडे आजच्यासारखे एकही उपकरण नव्हते, त्याची मोजदाद एकशे पंधरा वर्षांनीही टिकली. मेथ-कोन आणि स्मिथ यांचा निबंध ब्रिटनच्या रसायनशास्त्र संस्थेच्या ज्या नियतकालिकात आला, त्याच्या नावातही पर्किन हेच नाव होते.

पुढे पोर्तुगीज संशोधकांनी २००८ मध्ये अनेक ऐतिहासिक नमुने तपासले आणि त्यांत ए आणि बी यांच्याखेरीज मॉव्हीनची आणखी भावंडे सापडली. २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातली फिकट जांभळी टपाल तिकिटे तपासली गेली. हाइनरिख कारो नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मँचेस्टरच्या एका कारखान्यात कॉपर क्लोराइड वापरून मॉव्हीन बनवत असत. त्यांच्या मॉव्हीनमधले घटकांचे प्रमाण पर्किन यांच्याहून वेगळे पडते. त्यामुळे तिकिटाच्या शाईतला रंग कोणत्या कृतीचा, हे सव्वाशे वर्षांनंतरही ओळखता आले. शुद्ध पदार्थ आपण कुठून आलो ते सांगत नाही. त्यातली मिसळच ते सांगते. रसायनशास्त्रात आम्ही आयुष्यभर मिसळ काढून टाकायला शिकवतो, इतिहासाच्या कामात मात्र ती जपावी लागते.

चिठ्ठीचीही तपासणी झाली. पर्किन यांच्या पहिल्या कृतीत सल्फ्युरिक आम्ल आहे, म्हणजे तिच्यातून निघणारे मॉव्हीन सल्फेट असायला हवे. बाटलीतले आहे अ‍ॅसिटेट. ते कारखान्यातल्या नंतरच्या मालाचे लक्षण आहे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ही भुकटी १८५६ ची नसून नंतर बनलेली असावी, या निष्कर्षाला मी पूर्ण मान देतो. बाटलीचे मोल त्याने उणे होत नाही. चिठ्ठी माणूस लिहितो आणि माणसाला चिठ्ठीवर पहिले साल घालायचा मोह होतो. भुकटीला तो मोह नसतो.

मॉव्हीनच्या मागोमाग जे आले त्याने जगाची शेती बदलली. मंजिष्ठेतला लाल रंग, म्हणजे अ‍ॅलिझरीन, १८६९ मध्ये प्रयोगशाळेतून आला. कारो, ग्रेबे आणि लीबरमन यांचा पेटंटचा अर्ज पर्किन यांच्या अर्जाच्या एकच दिवस आधी दाखल झाला होता. फ्रान्सची आणि हॉलंडची मंजिष्ठेची शेती काही वर्षांत बसली. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि ती बिहारच्या शेतापर्यंत येऊन भिडली. निळीचा भाव पडला तसे मळेवाले गोरे तोट्याचा भार कुळांवर ढकलू लागले, खंड वाढवून घेऊ लागले. १९१७ चा चंपारणचा लढा समजून घ्यायचा तर त्यामागे ही जर्मन प्रयोगशाळाही बघावी लागते. आपल्याकडे निळीच्या पिपांवर ज्यांचे घर चालायचे त्या निळारी समाजाचा धंदाही याच काळात मोडत गेला. त्यांची नोंद रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. ती असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामगारांच्या शरीरावरही हा रंग उमटला. १८९५ मध्ये लुडविग रेन या फ्रँकफर्टच्या शल्यचिकित्सकाने फुक्सिनच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे नोंदवले. बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्या देशात बंदी यायला १९९० चे दशक उजाडले. दुसरीकडे याच रंगांनी जंतू दिसू लागले. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू रंग देऊनच दाखवला. १८९१ मध्ये एर्लिख आणि गुटमन यांनी मेथिलीन ब्लू हा रंग मलेरियाच्या रुग्णांना औषध म्हणून दिला. मलेरियाच्या औषधाचा शोध घेता घेता ज्या घराण्याचा पहिला रंग हाती आला, त्याच घराण्यातला एक रंग पस्तीस वर्षांनी मलेरियावर वापरला गेला.

आता मी महाराष्ट्रात येतो आणि इथे जरा रेंगाळतो, कारण ही गुरुपरंपरा आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

विल्यम पर्किन यांचा मुलगा, त्याचेही नाव विल्यम हेन्री पर्किन, मँचेस्टरला सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या हाताखाली रॉबर्ट रॉबिन्सन तयार झाले. ज्यांना १९४७ मध्ये नोबेल मिळाले तेच रॉबिन्सन. गुरुशिष्यांनी मिळून ब्राझिलीनवर काम केले. ब्राझिलीन म्हणजे आपल्याकडच्या पतंगाच्या लाकडातला लाल रंग ज्यापासून होतो तो पदार्थ. रॉबिन्सन पुढे मँचेस्टरलाच प्राध्यापक झाले आणि १९२० च्या दशकात मद्रासहून कृष्णस्वामी वेंकटरामन नावाचा तरुण त्यांच्याकडे शिकायला गेला. परतल्यावर काही काळ त्यांनी लाहोरला शिकवले आणि मग ते मुंबईला आले. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला होता. पुढे त्याला सगळे यूडीसीटी म्हणू लागले, आज माटुंग्याची ती संस्था आयसीटी म्हणून ओळखली जाते. १९३८ मध्ये वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५७ मध्ये ते पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले. तिथेही पहिले भारतीय संचालक तेच.

गिरण्यांच्या शहरात बसून त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून निघाले. पुढे त्यांच्या संपादनाखाली आणखी सहा खंड आले. रंगरसायनावर जगात कुठेही काम करणाऱ्याला हे आठ खंड उघडावेच लागत. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. पुण्याला आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखेतल्या लाल रंगाची रचना उलगडली आणि फणसाच्या लाकडातली पिवळी द्रव्ये तपासली. कृत्रिम रंगांचा एवढा मोठा जाणकार फणसाच्या गाभ्याकडे वळला. या मातीतला रंग आपणच समजून घ्यायचा, हा त्यामागचा आग्रह मला दिसतो. त्यांचे विद्यार्थी डॉ. बी. डी. टिळक हेही ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडे शिकून आले आणि वेंकटरामन यांच्यानंतर पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. थोरले पर्किन, त्यांचा मुलगा, रॉबिन्सन, वेंकटरामन, टिळक. ग्रीनफर्डच्या कालव्यापासून पुण्याच्या पाषाणपर्यंत ही परंपरा अखंड आहे.

आता पुन्हा बाटल्यांकडे येतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाने जुन्या रंगांच्या नमुन्यांचा संग्रह जपला आहे. दहा हजारांहून अधिक नमुने आहेत, मूळ बाटल्यांत आणि डब्यांत, बनवणाऱ्या कंपन्यांच्या चिठ्ठ्यांसकट. बंद पडलेल्या कारखान्यांचा माल तिथे अभ्यासाला मिळतो. एखाद्या जुन्या कापडाचा किंवा चित्राचा रंग ओळखायचा असला, तर तुलना करायला तिथे खरा नमुना हाती येतो.

आपल्या कॉलेजांत काय होते ते तुम्ही जाणता. प्रयोगशाळेचे नूतनीकरण निघाले, तपासणी समिती येणार असली, की मागच्या खोलीतले सागवानी कपाट रिकामे होते. त्यात पन्नास-साठ वर्षांच्या बाटल्या असतात. काहींवर परदेशी कंपनीची छापील चिठ्ठी, काहींवर कोण्या प्रयोगशाळा-साहाय्यकाचे वळणदार अक्षर. त्याच कपाटात गिरण्यांच्या रंगखात्यातून आलेली नमुन्यांची पुस्तकेही असतात. जाड पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे डकवलेले आणि प्रत्येकाखाली रंगाचा क्रमांक. मुंबईच्या गिरण्या गेल्या. त्यांनी काय रंगवले, कशाने रंगवले, याचा पुरावा आता अशा तुकड्यांतच उरला आहे. तोही रद्दीत जातो. पोथी सापडली की आपण भांडारकर संस्थेकडे धाव घेतो. बाटली सापडली की सफाई कामगाराला हाक मारतो.

म्हणून माझे मागणे असे आहे. या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाने येत्या सत्रात जुन्या बाटल्यांची आणि रंगनमुन्यांची एक नोंदवही करावी. बाटली उघडू नये, वास घेऊ नये, हातमोजे घालून काम करावे. जे स्फोटक किंवा धोक्याचे झाले असेल ते तज्ज्ञांकडून रीतसर नष्ट करावे, पण आधी त्याचे छायाचित्र घ्यावे. चिठ्ठीवरचा मजकूर जसा आहे तसा उतरवावा, दुरुस्त करू नये. बाटली कुठून आली, हे सांगू शकणारे निवृत्त शिक्षक आणि साहाय्यक हयात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्यावे. हे काम द्वितीय वर्षाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतात आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. ज्यांच्या घरी गिरणीतल्या रंगखात्याची पुस्तके माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी या विभागाला दाखवावीत. नोंदवहीच्या पहिल्या दिवशी मला कळवा, मी मदतीला येईन.